शिडाच्या होडीला मोटर किती मोठी हवी?

(मंडळाच्या ‘छंद आणि माहिती’ या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यातल्या चार कुटुंबांनी मिळून एक जुनी कॅटलिना २२ घेतली, हे एव्हाना सगळ्या बे एरियाला कळलंय. पेढेही वाटून झाले. आता घोडं अडलंय ते मोटरपाशी. होडीबरोबर अडीच अश्वशक्तीची एक छोटी मोटर आली आहे. एक भागीदार म्हणतात, “तीच वापरू, आपली तर शिडाची होडी!” दुसरे म्हणतात, “घ्यायची तर ९.९ घ्या, पुन्हा कटकट नको.” तिसऱ्यांना बॅटरीवरची हवी आहे. चौथ्या भागीदारीण बाई गप्प आहेत, कारण चेक त्यांनाच लिहायचा आहे. मी या खाडीत बावीस वर्षं शिडं ओढतोय, म्हणून निवाड्याला मला उभं केलंय.

पहिला प्रश्न हाच, की वाऱ्यावर चालणाऱ्या होडीला मोटर लागते कशाला? तीन कामांसाठी. मरीनात शिरताना आणि निघताना. वारा पडला की घरी यायला. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे वारा, लाटा किंवा ओहोटी अंगावर आली की त्यातून बाहेर पडायला. पहिलं काम कुठलीही मोटर करते. निवड करायची ती तिसऱ्या कामासाठी.

आता थोडं गणित. घाबरू नका, वर्गमूळ एकच आहे.

जड पोटाची होडी पाण्यातून जाताना पुढे एक लाट उठवते आणि मागे एक. वेग वाढतो तसं या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. ते अंतर होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढं झालं, की होडी दोन लाटांच्या मधल्या खड्ड्यात बसते. त्यापुढे जोर लावला तर ती स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते, आणि तो चढ काही संपत नाही. ही मर्यादा काढायची रीत सोपी आहे : पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. कॅटलिना २२ ची पाण्यातली लांबी १९.३३ फूट. उत्तर येतं ५.९ नॉट. नॉट म्हणजे तासाला साधारण १.१५ मैल. तुम्ही सहाची मोटर लावा, दहाची लावा, नाहीतर वीसची. ही होडी सहा नॉटच्या आसपासच अडणार. वरची शक्ती मागची बाजू पाण्यात दाबण्यात आणि पेट्रोल जाळण्यात जाते.

म्हणजे वरची हद्द ठरली. खालची कशी ठरवायची? तिथे वजन बघतात. जुना ठोकताळा असा, की भरलेल्या होडीच्या दर ५५० पौंडांमागे एक अश्वशक्ती. आपल्या होडीचं वजन २,२५० पौंड. चार माणसं ६५० पौंड. (कोण किती, हे मी विचारत नाही.) नांगर, पाणी, पेट्रोल, बॅटरी आणि डबे धरून २३० पौंड. एकूण ३,१३०. भागाकार ५.७. म्हणजे सहा अश्वशक्ती.

आता भागीदार क्रमांक एक विचारतील, अडीचनेही होडी चालते की! चालते. सपाट पाण्यात चार नॉटनेसुद्धा चालते. पण आपलं पाणी सपाट नाही. आमच्या मरीनातल्या एका जोडप्याची हकीकत सांगतो. एवढीच होडी, अडीचचीच मोटर. जुलै महिना, उधाणाचे दिवस. एंजल आयलंडवर आयाला कोव्हला जेवण करून संध्याकाळी बर्कलीकडे निघाले. रकून स्ट्रेटमध्ये डोंगराआड वारा पडला आणि ओहोटी तीन नॉटने समोरून यायला लागली. पाण्यातून चार नॉट, त्यातून तीन गेले, किनाऱ्याच्या हिशेबाने हातात उरला एक. तासभर मोटर पूर्ण जोरात चालवली. या छोट्या मोटरला टाकी अंगातच असते, जेमतेम एक लिटरची. सामुद्रधुनीच्या मधोमध ती संपली. आता हलत्या होडीत, तापलेल्या मोटरवर ओणवं होऊन पेट्रोल ओतायचं. आणि तेवढ्या वेळात होडी गोल्डन गेटच्या दिशेने चाललेली. शेवटी एका मोटरबोटवाल्याने दोर टाकून ओढून नेलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या होडीवर त्यांची सात वर्षांची नात होती, आणि ती त्यानंतर आजोबांबरोबर पाण्यावर गेलेली नाही.

त्याच जागी सहाची मोटर असती तर? पाण्यातून साडेपाच नॉट. तीन वजा केले, उरले अडीच. बघा, पाण्यातला वेग वाढला दीड नॉटनेच, पण घरी पोचण्याचा वेग अडीच पट झाला. आणि ९.९ असती तर? ५.९ वजा तीन, म्हणजे २.९. अडीचवरून सहावर जाण्यात जो फायदा आहे, तो सहावरून दहावर जाण्यात नाही.

एक कबूल करायला हवं. समोरून वारा असेल तर मोठ्या मोटरची शिल्लक शक्ती उपयोगी पडते, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. उन्हाळ्यातल्या दुपारी बर्कलीतून बाहेर पडलं की गोल्डन गेटमधून येणारा वारा थेट नाकावर बसतो. पण वजनाकडे बघा. चार, पाच आणि सहा अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक मोटरी बऱ्याच कंपन्या एकाच इंजिनावर बांधतात; वजन ५५ ते ६० पौंड. म्हणून चारची घेऊन वजन वाचत नाही, सरळ सहाची घ्यावी. आठ आणि ९.८ ची जात वेगळी, तिथे वजन ८० पौंडांच्या पुढे जातं. हे २०-२५ पौंड होडीच्या अगदी टोकाला लटकतात. तिथेच दोन माणसं सुकाणूशी बसलेली. मग मागची बाजू बसते, नाळ वर उचलली जाते आणि होडी शिडावरही मंद होते. शिवाय हिवाळ्यात ती मोटर उचलून गाडीत ठेवणारे आपण सगळे साठीचे! फिजिओथेरपीचं बिल मोटरच्या किमतीत धरलेलं नसतं.

अश्वशक्तीवर सगळे भांडतात, पण दांड्याच्या लांबीबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. मोटरचा दांडा १५, २० किंवा २५ इंची येतो. बर्कलीबाहेरच्या आखूड, उभ्या लाटांत होडी पुढे वाकली की मागची बाजू वर येते. दांडा आखूड असेल तर प्रॉपेलर पाण्याबाहेर निघतो, मोटर किंचाळते आणि होडीला रेटा शून्य. दहा अश्वशक्ती हवेत फिरवून काय उपयोग? त्यापेक्षा सहा पाण्यात बऱ्या. तेव्हा २० इंचांपेक्षा कमी घेऊच नका. या खाडीत २५ इंची उत्तम. मात्र आधी ब्रॅकेट खाली करून माप घ्या, आणि मोटर वर उचलल्यावर ती पाण्याच्या पूर्ण बाहेर येते का तेही बघा. नाहीतर शिडावर जाताना ती पाण्यात फरफटत राहील.

प्रॉपेलरही बघून घ्या. साधी मोटर हलक्या, पळणाऱ्या बोटीसाठी बनवलेली असते. आपल्याला जड होडी सावकाश ढकलायची आहे, म्हणजे गाडीचा पहिला गिअर हवा. त्यासाठी कमी पिचचा, जास्त रेट्याचा प्रॉपेलर मिळतो. तोहात्सूची सहा अश्वशक्तीची ‘सेलप्रो’ याच कामासाठी आहे. २५ इंची दांडा, तसा प्रॉपेलर आणि बॅटरी चार्ज करायची सोय तिच्यात मिळते. बाहेरची तीन गॅलनची टाकी जोडली की मधोमध ओतायची भानगड नाही. (नाही, मला कंपनीकडून कमिशन नाही!)

बॅटरीवाल्या भागीदारांवर अन्याय नको. आवाज नाही, वास नाही, दोरी ओढणं नाही. तीन अश्वशक्तीच्या तोडीची म्हणून विकली जाणारी मोटर साधारण एक किलोवॅटची, बॅटरी सव्वा किलोवॅट-तासाची. पूर्ण जोरात तासाभराचा खेळ, जोर कमी केला तर बराच जास्त. तळ्यावर मी डोळे मिटून हीच घेईन. खाडीत, ओहोटीविरुद्ध दोन तास काढायचे असतील, तर नाही.

आता कायदा. मोटर चालू केली की, शिडं वर असली तरी, नियमांच्या दृष्टीने तुम्ही मोटरबोट झालात. मग शिडवाल्याचा मान सांगायचा नाही. कंटेनर जहाजांपुढे तर तो शिडावरही सांगायचा नाही, अरुंद मार्गात त्यांना अडवणं नियमानेच मना आहे. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात मोटर असलेली होडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, बोटर कार्ड लागतं. म्हणजे चौघांनाही परीक्षा! आणि मोटर बंद करणाऱ्या दोरीचा हूक अंगाला लावायची सवय करा. माणूस पाण्यात पडला तर प्रॉपेलर थांबायला हवा.

तर निवाडा असा : सहा अश्वशक्ती, २५ इंची दांडा, जास्त रेट्याचा प्रॉपेलर, बाहेरची टाकी. अडीचची मोटर रबरी डिंगीला ठेवा. मोटरला एक सुरक्षेचा दोरही बांधा, ब्रॅकेटवरचे स्क्रू कंपनाने सैल होतात.

आणि शेवटचं. गोल्डन गेटखाली उधाणाच्या ओहोटीला चार नॉटच्या वर वेग असतो. तिथे आपल्या होडीला कुठलीच मोटर पुरी पडत नाही, कारण सहा नॉटची हद्द होडीचीच आहे. तिथे उपयोगी पडतं ते भरती-ओहोटीचं कोष्टक. कोकणातला कुठलाही तांडेल पाणी बघितल्याशिवाय होडी लोटत नाही. आज उधाण की भांग, हे त्याला तोंडपाठ असतं. आपल्याकडे ते फोनवर फुकट मिळतं. मोटर घ्यायला पैसे लागतात, कोष्टक बघायला दोन मिनिटं. निघण्यापूर्वी ती काढा, म्हणजे नातवंडं पुढच्या रविवारीही आनंदाने तुमच्याबरोबर येतील.

आता प्रश्न विचारा. पहिला मान चेक लिहिणाऱ्या बाईंचा!