घडीची खुर्ची आणि तिचे स्थैर्य
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, संघटन, विवाहखर्च अशा विषयांवर विचार मांडले जातात. त्यांचे महत्त्व आम्ही जाणतो. तथापि आज आम्ही एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत, आणि ती वस्तू म्हणजे घडीची खुर्ची. विषय ऐकून काही तरुण मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. त्यांना एवढीच विनंती की, भाषण संपेपर्यंत त्यांनी आपापल्या खुर्चीवर जरा जपून बसावे.

विषय निवडण्यास कारण घडले आहे. आपल्या समाजमंदिरासाठी खुर्च्या घेण्याचा ठराव कार्यकारी मंडळापुढे आहे. सभागृह एकच; सकाळी तेथे मुलांचे वर्ग भरतात, सायंकाळी भजन होते, लग्नसराईत पंगती बसतात. म्हणून काम झाले की भिंतीला लावून ठेवता येतील अशाच खुर्च्या हव्यात, हे उघड आहे. पूर्वी आपली मंडळी पाटावर नाहीतर जाजमावर मांडी घालून बसत. आता साठी ओलांडलेल्या कित्येकांचे गुडघे त्यास मान्यता देत नाहीत. खुर्ची ही आज वृद्धांची गरज झाली आहे, आणि जी वस्तू वृद्धांसाठी घ्यावयाची ती प्रथम वृद्धांच्या भाराने तपासली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी एका मंगलकार्यात आमच्या परिचयाच्या एक वयोवृद्ध भगिनी खुर्चीवरून उठताना पडल्या. खुर्ची मोडली नव्हती. ती केवळ मिटली. खुब्याचे हाड मोडले, चार महिने अंथरुणात गेले, आणि तेव्हापासून त्या कोणत्याही समारंभास येत नाहीत. ज्यांच्या ओव्यांवाचून आपल्याकडे हळदीचा कार्यक्रम होत नसे, त्या आज घरी बसून आहेत. एका खिळीच्या व एका खाचेच्या निष्काळजीपणाने समाजाचे केवढे नुकसान होते, ते यावरून ध्यानात यावे.

घडीचे आसन ही नवी वस्तू नव्हे. इजिप्तमधील तुतनखामेन राजाची कबर 1922 साली सापडली, तेव्हा तिच्यातील वस्तूंत घडीची तिवईसारखी आसनेही होती. म्हणजे ही युक्ती तीन सहस्र वर्षांहून जुनी आहे. रोमन साम्राज्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मानाचे आसन घडीचेच असे. 1911 साली अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातील नॅथनिएल अलेक्झांडर यांनी शाळा व प्रार्थनामंदिरे यांच्यासाठी अशा घडीच्या खुर्चीचे पेटंट घेतले की, जिच्या पाठीस मागच्या माणसाला पुस्तक ठेवण्याची सोय होती. आपल्या घरांतही पोथी ठेवण्याची लाकडी घडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकाच फळीतून कोरलेली, मिटली तर सपाट, उघडली तर फुलीसारखी. ती पोथी पेलते. मनुष्य पेलण्यास मात्र आणखी विचार लागतो.

हा विचार काय, ते पाहू. दोन काठ्या मध्यभागी खिळीने जोडून फुली करा आणि जमिनीवर उभी करा. वरून दाबताच पाय पसरतात आणि फुली खाली बसते. तीच फुली वरच्या दोन टोकांस दोरी बांधून दाबा. ती उभी राहते. कारण पाय पसरू लागले की वरची टोकेही एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात, आणि दोरी त्यांना जाऊ देत नाही. दोरी आणि फुलीचे वरचे दोन हात यांचा त्रिकोण तयार होतो. चौकोन बाजू न मोडताही तिरका होऊ शकतो. त्रिकोण मात्र बाजू मोडल्याखेरीज आकार बदलत नाही. खुर्चीची बैठक म्हणजेच ही दोरी होय. बैठक आपला भार झेलते एवढेच आपण समजतो. वस्तुतः ती त्याच वेळी दोन्ही पायांना आवरून धरण्याचे काम करीत असते. कापडाच्या बैठकीची खुर्ची टिकते ती यामुळेच, कारण ताण सोसणे हा कापडाचा धर्मच आहे.

ही ओढ किती असते? बैठक जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंच आहे, फुलीची खीळ बरोबर मध्यावर आहे आणि फरशी इतकी गुळगुळीत आहे की पायांना तिचा आधार नाही, असे धरू. बसणाऱ्याचे वजन 60 किलो. पुढच्या व मागच्या पायांतील अंतर 45 सेंटिमीटर ठेवले तर पाय जमिनीशी 45 अंशांचा कोन करतात, आणि बैठकीवरील आडवी ओढ बरोबर 60 किलो भरते. अंतर 78 सेंटिमीटर केले तर कोन 30 अंशांचा होतो आणि ओढ सुमारे 104 किलोवर जाते. अंतर 26 सेंटिमीटरवर आणले तर कोन 60 अंशांचा होऊन ओढ सुमारे 35 किलोवर उतरते; परंतु एवढ्या अरुंद पायांवर मनुष्य जरा मागे रेलला तरी उलथून पडेल. पाय पसरावे तर ओढ वाढते, आवरावे तर तोल जातो. खुर्ची करणाऱ्याचे सारे कसब या दोहोंमधील मार्ग काढण्यात आहे. आमच्या मते पायांतील अंतर बैठकीच्या उंचीहून कमी असू नये, आणि फार अधिकही असू नये.

तोलाचा नियम शाळेत आपण सर्वांनी शिकला आहे. शरीराच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांनी वेढलेल्या जागेत पडला पाहिजे. मनुष्य खुर्चीवर पुतळ्यासारखा बसत नाही. तो मागे रेलतो, शेजाऱ्याशी बोलण्यास वळतो, खाली पडलेली वस्तू उचलण्यास वाकतो. म्हणून मागचे पाय बैठकीच्या मागील कडेच्या बरेच मागे, आणि पुढचे पाय पुढील कडेच्या खाली अथवा किंचित पुढे टेकले पाहिजेत.

आता त्या भगिनी ज्या कारणाने पडल्या ते सांगतो. लाकडी घडीच्या खुर्चीच्या एका प्रकारात पाठीचे लांब दांडे पुढच्या पायांपर्यंत खाली येतात आणि मागचे आखूड पाय तिरके वर येऊन बैठकीच्या पुढच्या भागास खिळीने जोडलेले असतात. बैठकीचा मागचा भाग लांब दांड्यांमधील आडव्या पट्टीवर एका खाचेत बसतो. मधोमध बसलो असता सर्व ठीक असते. परंतु वृद्ध मनुष्य उठताना प्रथम पुढे सरकतो, अगदी कडेवर येतो आणि मग हातांचा जोर देतो. बैठक जर खिळीच्या पुढे चार-पाच बोटे आलेली असेल, तर पुढे भार पडताच तिचा मागचा भाग वर उचलला जातो, खाच सुटते, फुलीला आवरणारी ओढ नाहीशी होते आणि पाय फाकतात. लहान मुलांच्या सी-सॉ फळीचाच हा प्रकार आहे. उपायही कठीण नाही. बैठक खिळीच्या पुढे येऊ देऊ नये. आणि मागे उघडी खाच न ठेवता लांबट बंद चीर ठेवावी, म्हणजे तिच्यातील खीळ सरकेल, पण निसटणार नाही. खुर्ची मिटण्यासाठी कोणीतरी मुद्दाम हात लावावा लागला पाहिजे. बसणाऱ्याचा भार कोठेही पडो, त्याने खुर्ची अधिक घट्ट उघडली पाहिजे. हे एक सूत्र ज्याने ध्यानात ठेवले, त्याने निम्मे काम केले.

उरलेले निम्मे खिळीत आहे. खीळ भोकात सैल असेल तर काय होते? दोन सेंटिमीटर जाडीच्या लाकडात खिळीला एक मिलिमीटर वाव मिळाला, तर तेथून 40 सेंटिमीटरवर असलेल्या पायाच्या टोकास तोच वाव दोन सेंटिमीटर होतो. खुर्ची बाजूला डुलते ती यामुळे. म्हणून लाकूड जाड घ्यावे, रुंद वायसर घालावे, खीळ नेमक्या मापाची असावी आणि दोन्ही बाजूंचे पाय खाली आडव्या दांड्यांनी एकमेकांस जखडावे. पायाला सर्वाधिक वाक येतो तोही याच खिळीपाशी; तेव्हा भोक पट्टीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर पाडावे, कारण तेथे लाकडाच्या तंतूंवर वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. दोन पाय सुबकपणे एका पातळीत यावेत म्हणून तेथे अर्धे अर्धे लाकूड कोरून काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. लाकूड सरळ रेषांचे, गाठ नसलेले आणि पुरते वाळलेले असावे. सागवान या कामी उत्तम, कारण हवामानाप्रमाणे ते फार फुगत वा आकसत नाही आणि भोकाचे माप टिकते.

शेवटी जमिनीचा विचार. मंडपातील माती भुसभुशीत, अंगणातील शहाबादी फरशी उंचसखल, सभागृहातील लाद्या गुळगुळीत. तीन पायांची तिवई कोठेही स्थिर राहते. चार पायांची खुर्ची खड्ड्यावर डुगडुगते. गेल्या शतकाच्या आरंभी इंग्रजी लष्करी अधिकारी ‘रूरकी’ नावाची खुर्ची वापरीत. ती घडीची नव्हती, सुटे भाग जुळवून उभी केली जाई. पण तिचे सांधे मुद्दाम किंचित मोकळे ठेवून कातडी पट्ट्यांनी आवळलेले असत, त्यामुळे तिचा प्रत्येक पाय उंचसखल जमिनीशी स्वतःहून जुळवून घेई. पुढे 1933 साली डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी त्याच रचनेवरून आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची केली. आपल्या रूरकी गावाचे नाव अशा रीतीने परदेशी कारागिरांच्या तोंडी गेले. आपल्यापुरते बोलावयाचे तर, मातीत रुतू नये म्हणून पायांखाली आडवी पट्टी असावी, आणि लादीवर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांस रबर लावावे. मधला भाग किंचित वर ठेवावा, म्हणजे पट्टी उंचवट्यावर टेकून डुगडुगणार नाही.

बंधुभगिनींनो, आपली ज्ञाति लाकूडकामाची. आपल्या वाडवडिलांनी देवळांचे सभामंडप उभारले, वाड्यांचे खांब घडविले, बैलगाडीची चाके केली. आज आपली मुले अभियंते, डॉक्टर, अधिकारी होत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांपैकी काहींना आम्ही स्वतः वर्गात त्रिकोण शिकविला. परंतु ज्या ज्ञातीच्या हातात रंधा, पटाशी आणि गुण्या शेकडो वर्षे खेळले, त्या ज्ञातीच्या सभागृहात तिच्याच वृद्ध स्त्रियांनी खुर्चीवर बसण्यास भ्यावे, ही गोष्ट आमच्या मनास लागते. पदवी आणि पटाशी यांची फारकत झाली की असे होते. वर्गातला त्रिकोण वहीतच राहतो, आणि कारखान्यातली खुर्ची त्रिकोणावाचून तयार होते.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे. केवळ दर पाहून शंभर खुर्च्या एकदम घेऊ नयेत. ज्ञातीतील जे बंधू अद्याप हा व्यवसाय करतात त्यांनी आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणांनी एकत्र बसून प्रथम एकच खुर्ची करावी. मग तिची परीक्षा घ्यावी. जाड मनुष्यास पुढच्या कडेवर बसवावे, मागच्या कडेवर बसवावे, एका हातावर जोर देऊन उठावयास सांगावे. पाठीमागून बैठकीवर पाय ठेवून चढण्याची मुलांना खोड असते. तेथेही भार देऊन पाहावा. एका पायाखाली लाकडाची चकती ठेवून डुलते का ते पाहावे. उघडताना आणि मिटताना बोट कोठे चिमटते का ते पाहावे. जेथे चिमटेल तेथली फट एक तर बोट शिरणार नाही इतकी लहान, नाहीतर बोट सुखरूप राहील इतकी मोठी करावी. नंतर तीच खुर्ची काही शेकडा वेळा उघडून मिटावी आणि पुन्हा हीच परीक्षा घ्यावी. नवी असताना प्रत्येक खुर्ची चांगलीच असते. जुनी झाल्यावर जी चांगली राहते ती खरी.

यास पैसे थोडे अधिक लागतील, वेळही लागेल. पण त्या खुर्चीवर आपली आई, आजी, आत्या बसणार आहे. पहिली खुर्ची परीक्षेत उतरली, की तिच्यावर प्रथम बसण्याचा मान आम्ही वर उल्लेख केलेल्या त्या वृद्ध भगिनींस द्यावा आणि त्यांना सन्मानाने सभागृहात आणावे, एवढे मागणे मागून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.