तिला माहीत होतं का?



थरारपट पाहून बाहेर पडलं की पार्किंगमधून गाडी निघेपर्यंत एक वाद हमखास रंगतो. एकजण म्हणतो, 'एका छताखाली राहून बायकोला पत्ता नाही, असं होईल का?' दुसरा म्हणतो, 'त्या बिचारीला काय ठाऊक!' आज मला या वादात पडायचं आहे, आणि माझी बाजू आधीच सांगते. उत्तम थरारपटातली गुन्हेगाराची बायको अजाण नसते. तपशील तिला ठाऊक नसेल, पण कोणता प्रश्न तोंडातून काढायचा नाही, हे पक्कं ठाऊक असतं. जिला खरोखर काही माहीत नसतं, ती बिनदिक्कत विचारते.

ही गोष्ट आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. वाल्या कोळ्याची. नारदांनी त्याला घरी पाठवलं, बायकोपोरांना विचारून ये म्हणाले, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? बायको 'नाही' म्हणाली. लहानपणी ऐकताना आपलं सगळं लक्ष वाल्याच्या पश्चात्तापाकडे असतं. पण तिचं उत्तर पुन्हा ऐका. 'अगंबाई, तुम्ही माणसं मारता?' असं ती म्हणत नाही. ती म्हणते, पाप तुमचं, आमचं पोट भरणं हे तुमचं काम. एका जिवामागे एक खडा, असे सात रांजण भरले होते. ते कुठे ठेवले होते, हे गोष्ट सांगत नाही. मला मात्र ते घराच्या पडवीतच दिसतात, आणि पाण्याची घागर घेऊन त्यांच्यावरून रोज जाणारी ती बाई दिसते.

मार्टिन स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' (१९९०) मला या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो निकोलस पिलेगी यांच्या पुस्तकावर, हेन्री हिल या खऱ्या गुन्हेगाराच्या हकिकतीवर बेतलेला आहे. स्कॉर्सेसीनं इथे एक मोठी गोष्ट केली: निवेदनाचा काही भाग थेट बायकोकडे, कॅरनकडे दिला. लग्नाआधीचा प्रसंग आहे. तिची छेड काढणाऱ्या शेजाऱ्याला हेन्री पिस्तुलाच्या दस्त्यानं रक्तबंबाळ करतो, परत येतो आणि ते पिस्तूल तिच्या हातात देऊन लपव म्हणतो. दुसऱ्या कुणी मुली असत्या तर तिथूनच पळाल्या असत्या, अशी कबुली कॅरन देते. आपल्याला मात्र त्याची भूल पडली, हेही ती लपवत नाही. पुढे एकदा खरेदीला निघताना ती पैसे मागते. किती, असं नवरा विचारतो. ती आकडा सांगत नाही. अंगठा आणि तर्जनीत अंतर ठेवून नोटांची जाडी दाखवते. एवढीशी खूण, पण त्यात सगळा संसार आला. पगाराचे पैसे मोजून मागितले जातात. जे पैसे मोजायचे नसतात, ते कुठून आले हेही विचारायचं नसतं.

शेवटी सरकारी वकिलासमोर ती भाबडेपणाचा आव आणू पाहते, तेव्हा तो तिला गप्प करतो: तुमचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं आहे. ही भूमिका करणारे एडवर्ड मॅकडोनाल्ड हे त्याच प्रकरणातले खरे सरकारी वकील होते.

आपल्या कायद्यानंही या नात्याचा बारकाईनं विचार केला आहे. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा. पण आसरा देणारा त्याचा नवरा किंवा बायको असेल, तर तो गुन्हा धरत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १२२ व्या कलमानं, आणि आता नव्या साक्ष अधिनियमानंही, नवरा-बायकोनं एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण दिलं आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातला एक खुनाचा खटला आला. पहाटे, अजून अंधार असताना, बायकोनं नवऱ्याला छपरावरून उतरताना पाहिलं. तो भुशाच्या कोठीत गेला, बाहेर आला, त्यानं आंघोळ केली आणि तेच धोतर पुन्हा नेसला. न्यायालय म्हणालं, तो तिला काय बोलला ते ती सांगू शकत नाही. त्यानं काय केलं, ते सांगू शकते.

मला हा भेद फार मोलाचा वाटतो. सांगणं वेगळं, दिसणं वेगळं. नवरा काही सांगत नाही, म्हणून बायकोला काही कळत नाही, असं आपण धरून चालतो. पण अवेळी केलेली आंघोळ तिला दिसते. धुणं तिच्याच हातात येतं. पटकथा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे: बायकोचे संवाद लिहिण्याआधी तिचे डोळे कुठे आहेत ते ठरवा.

आता उलट बाजू. 'दृश्यम' मूळचा जीतू जोसेफ यांचा मल्याळम चित्रपट, २०१३ चा. हिंदीत २०१५ साली तो 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामतांनी गोव्यात आणला. तिथे नायक विजयच्या बायकोला, नंदिनीला, सगळं माहीत आहे. मृतदेह तिनं आणि मुलीनंच बागेतल्या खड्ड्यात पुरला. पण पोलिसांनी तो खड्डा उकरला, तर आत निघालं जनावराचं कलेवर. तेव्हा नंदिनीचा चेहरा पाहा. ते आश्चर्य खरं आहे, म्हणूनच ते घराला वाचवतं. नंतर ती विचारते आणि विजय सांगत नाही. इथलं अज्ञान तिनं पत्करलेलं नाही, नवऱ्यानं तिच्याभोवती बांधलेली ती भिंत आहे. आणि ती विचारते, म्हणून मी तिला अजाण मानते.

न विचारणाऱ्या बायकांना मी सरसकट दोषी धरत नाही. मुलं पदरात, नावावर खोली नाही, माहेरी परतायची सोय नाही, अशा बाईनं उत्तर मिळाल्यावर जायचं कुठे? कॅरन आणि ती, दोघींना एका तराजूत तोलणं अन्यायाचं होईल.

शेवटी 'द गॉडफादर' (१९७२). नायक मायकलनं होणाऱ्या बायकोपासून, केपासून, सुरुवातीला काही लपवलं होतं का? नाही. बहिणीच्या लग्नातच, मेजावर जेवता जेवता, आपल्या वडिलांनी एका माणसाच्या डोक्याला पिस्तूल लावायला लावून सही कशी मिळवली, हे तो तिला सांगतो. वर म्हणतो, हे माझं घराणं, मी तसा नाही. तिनं या दुसऱ्या वाक्यावर लग्न केलं. अखेरीस नणंद आक्रोश करत येते, माझ्या नवऱ्याला यानंच मारलं म्हणते. के विचारते. फक्त या एकदाच विचार, अशी परवानगी देऊन मायकल डोळ्याला डोळा भिडवून 'नाही' म्हणतो. ती सुटकेचा श्वास टाकते, हसते, पेय आणायला जाते. मागे वळून पाहते तर माणसं त्याचा हात चुंबत आहेत, आणि दार लागतं. त्या दृश्यात आपण सगळे मायकलकडे पाहतो. पुढच्या वेळी केकडे पाहा. ती उत्तर मागायला आलेली नव्हती, 'नाही' हा शब्द मागायला आली होती.

हे माझ्या मनाचं नाही. मारिओ पुझो यांची १९६९ ची मूळ कादंबरी या दाराशी संपत नाही. तिच्या शेवटच्या पानावर के चर्चमध्ये बसलेली आहे, आणि मायकलच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते आहे.