जुनी वास्तू, नवे कर्तव्य



पर्यावरणाचा विषय निघाला की दृष्टी अरण्यांकडे, नद्यांकडे जाते. स्वतःच्या गच्चीकडे ती क्वचितच वळते. नव्या इमारतींना नियमांचे बंधन आहे. खरा प्रश्न आहे तो उभ्या असलेल्या घरांचा.

पुण्याला ही दृष्टी परकी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले, ते केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर. आज उतार तोच आहे. विसर पडला आहे तो विवेकाचा.

पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे ७०,००० लीटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५६,००० लीटर उरते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन पुढचे गाळणीतून कूपनलिकेकडे वळवणे जुन्या सोसायटीलाही सहज शक्य आहे.

कचऱ्याचा प्रश्न तर नीतीचाच आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगी येथे पडत राहिला. दुर्गंधी आणि दूषित पाणी ग्रामस्थांच्या वाट्याला आले. त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. स्वतःचे अंगण स्वच्छ ठेवून शेजाऱ्याचे घाण करणे याला स्वच्छता म्हणता येत नाही. यावरचे उत्तरही पुण्यातच सापडले. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे सुटसुटीत बायोगॅस संयंत्र विकसित केले. एका टाकीत दुसरी उलटी बसवायची, एवढीच त्याची रचना. २००६ मध्ये त्याला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

विजेचेही तसेच. एक किलोवॅटच्या सौर संचाला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. पुणे महापालिकेनेही सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत ठेवली.

मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. १,००० लीटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन भार. तेव्हा जुन्या गच्चीवर ती चढवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला अनिवार्य आहे. दुसरे पथ्य मनाचे. संयंत्र धूळ खात पडावे आणि करसवलत मात्र चालू राहावी, हा नागरिकधर्म नव्हे. यंत्र बसवणे एका दिवसाचे काम आहे, ते चालते ठेवणे हे नित्याचे व्रत आहे.

प्रत्येक सोसायटीने येत्या पावसाळ्यापूर्वी एक तरी काम हाती घ्यावे. सुरुवात पन्हाळीपासून झाली तरी चालेल.