अंगणातील फुलांचे वाफे : आखणी, काठ आणि पाणी

(व्याख्यान)



आजचा विषय एकरातला नाही, गुंठ्यातलाही नाही. तो चाळीस चौरस फुटांचा आहे. घरापुढच्या अंगणात काठ बांधून फुलांचे वाफे कसे करावेत, याविषयी आपण बोलणार आहोत. यातून उत्पन्न किती, असे कोणी विचारील. गौरीला तेरडा आणि दसऱ्याला झेंडू दारातच मिळतो, मोरीचे पाणी अंगणात साचत नाही आणि मोकळ्या कोपऱ्यात गाजरगवत माजत नाही, हेच त्याचे उत्पन्न.

असे वाफे गावोगाव होतात. मृगाचा पाऊस पडला की उत्साहाने जागा खणली जाते, रोपे लावली जातात. पावसाळाभर वाफा छान दिसतो आणि मार्चमध्ये वाळून जातो. मग दोष बियाण्याला किंवा मातीला दिला जातो. खरे कारण बहुधा वेगळेच असते. वाफा आखताना आपण जागा मोजतो, पाणी मोजत नाही. म्हणून आधी पाण्याचा हिशेब करू.

पाण्याचा हिशेब

दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफा म्हणजे ४० चौरस फूट, अर्थात सुमारे ३.७ चौरस मीटर. फुलझाडांना हिवाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ४ लिटर पाणी धरावे. कडक उन्हाळ्यात हीच गरज ७ ते ८ लिटरपर्यंत जाते. म्हणजे या एका वाफ्याला हिवाळ्यात रोज १५ लिटरची एक बादली लागेल आणि उन्हाळ्यात दोन. पाणी रोजच द्यायला हवे असे नाही. भारी जमिनीत दोन-तीन दिवसांचे पाणी एकदम दिले तरी चालते, पण एकूण हिशेब तोच राहतो.

हे पाणी आणायचे कोठून? पाच माणसांच्या घरात आंघोळीचे रोज पाच बादल्या पाणी मोरीतून बाहेर जाते. त्यातले चार बादल्या हाती येईल असे धरले, तर ऐन उन्हाळ्यात दोन वाफे जगतात. तिसरा वाफा आखला, तर त्याचे पाणी विहिरीवरून किंवा हातपंपावरून आणावे लागेल, आणि ते कोण आणील हे मी सांगायला नको. ज्या वाफ्यामुळे घरातल्या बाईला एक हंडा जादा वाहावा लागतो, तो वाफा कितीही सुंदर दिसला तरी त्याची आखणी चुकली असे समजावे.

सांडपाणी वापरताना काही पथ्ये पाळावीत. मोरीच्या तोंडाशी दीड फुटाचा खड्डा घेऊन त्यात खाली विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि वर वाळू भरावी. साबणाचा फेस व केस वरच अडतात. वरची वाळू महिन्यातून एकदा बदलावी. गाळलेले पाणी साठवू नये, त्याच दिवशी द्यावे. साचलेल्या पाण्याला वास येतो आणि आठवडाभरात त्यात डासांची पैदास होते. धुण्याच्या सोड्याचे पाणी वाफ्याला देऊ नये. सोड्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते, तिच्यात पाणी मुरत नाही. कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी चालेल. सांडपाण्याच्या वाफ्यात कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्या लावू नयेत.

जागेची निवड

अंगण हे शेतकऱ्याच्या घरी कामाचे ठिकाण आहे. तेथे धान्य वाळते, डाळी-पापड वाळतात, बैलगाडी किंवा ट्रॉली वळते. तेव्हा आधी वाहनासाठी दहा-बारा फुटांची वाट व वाळवणाची जागा सोडावी आणि उरलेल्या कडेला वाफे घ्यावेत.

वाफा भिंतीला चिकटून कधीही घेऊ नये. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पायाच्या एका बाजूला रोज पाणी आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर भिंतीला तडे जाण्याचा धोका असतो. मातीच्या भिंतीत ओल चढते, शिवाय वाळवीला वाट मिळते. म्हणून भिंतीपासून किमान एक मीटर अंतर सोडावे.

घराचे तोंड पूर्वेला असेल तर सकाळचे ऊन मिळते, ते फुलझाडांना उत्तम. तोंड उत्तरेला असेल तर हिवाळ्यात घराची सावली अंगणात पडते. अशा ठिकाणी वाफा सावलीच्या बाहेर, घरापासून दूर घ्यावा. थोडी सावली टाळता येत नसेल तर तेथे अबोली लावावी.

आखणी

दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर रुंदी चार फूट ठेवावी, एकाच बाजूने पोहोचत असेल तर दोन फूट. म्हणजे खुरपणीसाठी वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. कोपरा काटकोनात येण्यासाठी गवंड्याची जुनी युक्ती वापरावी. एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन्ही खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनात आहे.

काठ

काठ केवळ शोभेसाठी नसतो. पाणी कोठे थांबावे आणि कोठून जावे, हे काठ ठरवतो. भारी काळ्या जमिनीत व जास्त पावसाच्या भागात वाफा जमिनीपेक्षा चार इंच उंच असावा. तेथे काठ माती धरून ठेवतो. उताराच्या बाजूला काठात दोन ठिकाणी बोटभर फट ठेवावी, नाहीतर जादा पाणी तुंबून मुळे कुजतात. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसाच्या भागात माती अंगणाच्या पातळीलाच ठेवावी. तेथे काठ पाणी अडवतो, म्हणून फट ठेवू नये.

विटांचा तिरपा काठ सर्वांत सोपा. दोरीलगत चार इंच खोल चर घ्यावा. प्रत्येक कोपऱ्यात एक वीट उभी गाडावी आणि तिच्या आधाराने बाकीच्या विटा एकीला एक टेकवून तिरप्या लावाव्यात. निम्मी वीट जमिनीत आणि निम्मी वर राहते. चरात माती भरून धुमसाने ठोकावी. १० बाय ४ फुटांच्या वाफ्याला साधारण ८० विटा लागतात. त्याच विटा आडव्या लांबीने लावल्या तर ३८ पुरतात, पण काठ बुटका होतो. विटा विकत आणायची गरज नाही. बांधकामातून उरलेल्या विटा, कोकणात जांभ्याचे तुकडे, इतरत्र काळा दगड, शहाबादी फरशीचे तुकडे किंवा फुटकी मंगलोरी कौले चालतात. लाकूड व बांबूचा काठ वाळवी खाते. बाटल्यांचा काठ फुटला तर खेळत्या मुलांचे पाय कापतात, तो टाळावा.

माती व खत

मे महिन्यात एक फूट खोल खणून ढेकळे पंधरा दिवस उन्हात तापू द्यावीत. हरळी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. एका वाफ्याला पूर्ण कुजलेले शेणखत २० किलो, निंबोळी पेंड अर्धा किलो व सिंगल सुपर फॉस्फेट २०० ग्रॅम मिसळावे. अर्धवट कुजलेले खत घालू नये. त्यातून हुमणी व वाळवी येते.

काय लावावे?

तेरड्याचे बी जूनमध्ये जागेवरच टाकावे. दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर सणाच्या साधारण तीन महिने आधी रोपांसाठी बी पेरावे. चार फूट रुंदीत काठापासून सहा इंच सोडून दीड दीड फुटावर तीन ओळी बसतात. ओळीत एक फुटावर एक याप्रमाणे एका वाफ्यात ३० रोपे मावतात. रोपे जोमाने वाढू लागली की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे वाढून फुले जास्त लागतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा नारंगी गेंदा’ व ‘पुसा बसंती गेंदा’ या झेंडूच्या चांगल्या जाती आहेत. झेंडूच्या मुळांमुळे मातीतील सूत्रकृमींनाही आळा बसतो.

हिवाळ्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्टरचे बी टाकावे. शेवंती काश्यांपासून उन्हाळ्याच्या अखेरीस लावावी. उन्हाळ्यात गॅलार्डिया व चिनी गुलाब कमी पाण्यावर तग धरतात. चिनी गुलाब काठालगत लावला तर विटाही झाकल्या जातात. बारमाही फुलांसाठी सदाफुली व अबोली आहेतच.

एक सावधगिरी घ्यावी. कण्हेर आणि घाणेरी ही झाडे जनावरांना विषारी आहेत. गोठा जवळ असेल तर ती अंगणात नकोत, आणि छाटलेल्या फांद्याही गव्हाणीजवळ टाकू नयेत.

देखभाल

रोपांच्या बुडाशी दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट अंथरावे. ओल टिकते आणि तण कमी येते. सांडपाणी पानांवर न ओतता बुडाशी द्यावे. मधून एखादी पाळी चांगल्या पाण्याची द्यावी. ज्या घरी उन्हाळ्यात आंघोळीचे पाणीही कमी पडते, तेथे मार्चमध्ये एक वाफा मोकळा करून पालापाचोळ्याने झाकून ठेवावा आणि दुसराच जगवावा. दोन सुकलेल्या वाफ्यांपेक्षा एक हिरवा वाफा बरा. दोन पाणी दिली आणि जून आला की मोकळा वाफा पुन्हा लावता येतो.

तेव्हा कुदळ हाती घेण्यापूर्वी एक काम करा. आठवडाभर मोरीतून रोज किती बादल्या पाणी बाहेर जाते ते मोजा. त्या आकड्याला दोनने भागा. जो आकडा येईल तेवढेच वाफे आखा आणि एखादी बादली राखीव सोडा. हा हिशेब घरात सर्वांनी मिळून करावा, कारण पाणी कोठून येते आणि कोण आणते, हे घरातल्या बायकांइतके कोणालाच नेमके माहीत नसते.