गिरणीवाल्याचा पोर गव्हर्नर झाला, पण कार्ड मिळेना
(गेट-सभेत केलेले भाषण)



मागल्या सभेत रिंग खात्यातल्या एका जुन्या जोडीदाराने आम्हाला सवाल टाकला होता. "आपल्यातलाच एखादा गादीवर बसला, आपली बोली बोलणारा, गिरणीवाल्याचा पोर, म्हणजे मग दवाखान्याचं रडगाणं संपेल की नाही?" त्या दिवशी पाळीचा भोंगा झाला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देतो. हकीकत अमेरिकेतली आहे, पण ऐकताना लांबची वाटणार नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या शिवेला लागून मेन नावाचं राज्य आहे. तिथे लुइस्टन हे गिरण्यांचं गाव. नदीच्या पाण्यावर सुताच्या गिरण्या चालायच्या. कामाला माणसं आली ती कॅनडातल्या क्विबेकमधून, फ्रेंच बोलणारी, पोटासाठी घर सोडलेली. आपली कोकणातली नि घाटावरची माणसं मुंबईला आली तशीच. 1919 साली त्या राज्याने कायदा केला की शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतूनच. घरी बडबडणारं पोर शाळेत मुकं झालं.

अशाच एका घरात 1948 मध्ये पॉल लेपेज जन्मला. बाप गिरणी कामगार, घरची बोली फ्रेंच, अठरा भावंडांत हा थोरला. बाप मारकुटा होता. अकराव्या वर्षी पोर घरातून पळालं, रस्त्यावर राहिलं. पुढे शिकलं, व्यापारात वर आलं, आणि 2011 च्या जानेवारीत राज्याचा गव्हर्नर झालं. एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो आणि कारभार मुख्यमंत्री करतो. तिकडे गव्हर्नरला लोक मतं देऊन निवडतात आणि गाडा तोच हाकतो. म्हणून लोक चिडतात तेही त्याच्यावर.

भांडण कशाचं होतं? तिकडे बहुतेक कामगारांचा दवाखान्याचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमा गेला. गरिबांसाठी 1965 पासून मेडिकेड नावाची सरकारी योजना होती, पण बहुतेक राज्यांत बिनलेकराचा माणूस, कितीही दरिद्री असला, तिच्यात बसत नव्हता. 2010 मध्ये ओबामांच्या कारकिर्दीत कायदा झाला की 65 वर्षांखालच्या ज्या माणसाची कमाई दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत असेल त्याला हे कार्ड द्यायचं. त्याचा खर्च 2014 ते 2016 सगळाच्या सगळा वॉशिंग्टनचं सरकार देणार, मग थोडा थोडा कमी करत 2020 पासून 90 टक्के. पण 2012 च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यांवर याची सक्ती करता येणार नाही. झालं! किल्ली राज्यांच्या हातात गेली.

मेनच्या विधिमंडळाने पाच वेळा बिल पास केलं. गव्हर्नरने पाचही वेळा परत फिरवलं.

त्याची बाजूही सांगतो, लपवायचं काही कारण नाही. त्याचं म्हणणं, मागे राज्याने ही योजना वाढवली तेव्हा इस्पितळांची देणी थकली, ती आम्ही 2013 मध्ये मार्गी लावली, पुन्हा त्या खड्ड्यात उतरायचं नाही. हे अगदीच खोटं नव्हतं. देणी थकली होती. पण दुसरं म्हणणं असं की धडधाकट माणसाने काम करावं, सरकारी कार्ड कशाला? आता धडधाकट कोण, हे ठरवायचं कुणी? ब्लो रूममध्ये पंधरा वर्षं काढलेले आम्हीही लांबून धडधाकटच दिसतो. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते, जिना चढताना कठड्याला धरून उभं राहावं लागतं, ते कुणाला दिसतं? त्याच अमेरिकेत कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने छाती गेलेल्या कामगारांनी 1975 मध्ये आपली संघटना बांधली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना चार पावलं चालताना दम लागायचा, तरी ते सरकारच्या दारात जाऊन बसले. 1978 मध्ये खात्यातल्या धुळीवर सरकारी मर्यादा आली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, ते 1981 मध्ये हरले. छाती दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

बरं, मेनमधल्या लोकांनी काय केलं? त्या राज्यात सोय आहे की ठराविक सह्या गोळा केल्या तर कायदा थेट जनतेच्या मताला टाकता येतो. 2016 च्या निवडणुकीच्या दिवशी माणसं मतदानाच्या ठिकाणी टेबलं मांडून बसली आणि साठ हजारांवर सह्या जमल्या. 7 नोव्हेंबर 2017 ला मतदान झालं. शंभरातल्या 59 जणांनी होय म्हटलं. जनतेच्या मताने हा हक्क घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

कुणालाही वाटेल, संपलं. संपलं नाही. 3 एप्रिल 2018 पर्यंत योजनेचा कागद वॉशिंग्टनला धाडायचा होता, तो गव्हर्नरने धाडला नाही. लोक कोर्टात गेले. कोर्टाने हुकूम केला, तरी तो म्हणे तुरुंगात जाईन पण हे करणार नाही. 2 जुलैला कार्डं सुरू व्हायची होती, झाली नाहीत. शेवटी सप्टेंबरात कागद गेला, आणि त्याच्यासोबत गव्हर्नरची चिठ्ठी गेली, की हा मंजूर करू नका! मुकादमाने आपला अर्ज वरती पाठवावा आणि पाठीवर लिहावं, फाडून टाका, तसला प्रकार.

2019 च्या जानेवारीत त्याची मुदत भरली. नव्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी 3 जानेवारीला पहिला हुकूम काढला तो याचाच. पुढे मंजुरी आली ती 2 जुलै 2018 पासून लागू धरून. मतदानापासून त्या हुकमापर्यंत जवळजवळ चौदा महिने गेले. साखरेचा आजार असलेल्याने, गाठ दाखवायची राहिलेल्या बाईने ते चौदा महिने कसे काढले असतील, ते ज्याचं त्याला माहीत.

तर जोडीदारा, लेपेज त्यांच्याच बोलीचा होता, त्यांच्याच गिरणीतला होता. कार्ड आलं ते टेबल मांडून बसलेल्यांमुळे.

मिझुरी राज्यातही हेच झालं. ऑगस्ट 2020 मध्ये लोकांनी मत दिलं, विधिमंडळाने पैसा दिला नाही, मे 2021 मध्ये गव्हर्नरने अंग काढून घेतलं, आणि जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला हक्क शाबूत करावा लागला. टेक्सासमध्ये तर सह्या करून कायदा आणायची सोयच नाही. 2025 सालापर्यंत दहा राज्यं अशीच अडून होती. त्यातच 2025 च्या जुलैत वॉशिंग्टनने नवा कायदा केला. 2027 पासून या कार्डासाठी बऱ्याच जणांना महिन्याला 80 तास कामाचा किंवा तशा कशाचा तरी पुरावा द्यावा लागणार.

80 तास! बदलीवाल्यांनो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेटवर रोज यायचं, मुकादमाने हात हलवला की परत फिरायचं, आणि सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरली नाही म्हणून ई.एस.आय.ची आजारपणाची भरपाई नाकारली जायची. काम त्यांनी द्यायचं नाही आणि खाडा आपल्या नावावर. आमच्याच खात्यातल्या एकाची वर्गणी पगारातून कापली गेली, पण भरली गेली नाही. पोर तापाने फणफणलं तेव्हा खिडकीवर हे कळलं.

म्हणून ज्यांचे दिवस कमी दाखवलेत, ज्यांची कापलेली वर्गणी जमा झालेली नाही, त्यांनी सभा सुटल्यावर दाराजवळच्या टेबलाशी थांबा. पगाराच्या चिठ्ठ्या सोबत असतील तर दाखवा, नसतील तर उद्या पहिल्या पाळीआधी आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन जण बसवले आहेत.