पावातलं यीस्ट आणि दादांचे डोळे



मध्यंतरात आपण पावभाजी खाल्ली. तो पाव फुगवणारं यीस्ट हाच आमचा विषय. आम्हा दोघांपैकी एकाची सगळी नोकरी यीस्टच्या प्रयोगशाळेत झाली, आणि दुसरीच्या माहेरी वडिलांची व मोठ्या भावाची दृष्टी गेली. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं आम्हाला कितीतरी वर्षं वाटलंच नव्हतं.

शाळेत असताना दादा दिवेलागणीनंतर अंगणातल्या तुळशीवृंदावनाला अडखळायचे. गाजरं झाली, पालेभाज्या झाल्या. तिशीत वर्तमानपत्र वाचणं थांबलं. रोगाचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. पुढे जनुकीय चाचणीत दोष निघाला तो पीआरपीएफ८ या जनुकात. हे तर आमच्या ओळखीचं! यीस्टमध्ये त्यालाच पीआरपी८ म्हणतात.

पेशीत जनुकाची आरएनए-नक्कल निघते, पण ती कच्ची असते. मधले नको ते तुकडे कापून उरलेली टोकं जोडावी लागतात, हेच स्प्लायसिंग. पीआरपी८ हे आरएनएला धरणारं प्रथिन या यंत्राच्या अगदी मध्यभागी असतं. यीस्टच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी तीनशेच्या आसपास जनुकांनाच ही कापाकापी लागते, माणसाच्या मात्र बहुतेक जनुकांना.

१९७० मध्ये सिएटलला लीलंड हार्टवेल आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधली दहा जनुकं नोंदवली. त्यांत दोष असलेलं यीस्ट २३ अंशांवर वाढे, ३६ अंशांवर त्याचं आरएनएचं काम अडे. त्यांतलंच हे एक. गंमत म्हणजे स्प्लायसिंगचा शोधच १९७७ चा! २००१ मध्ये याच जनुकाचा अंधत्वाशी संबंध कळला. २००७ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी रुग्णांमधले बदल यीस्टच्या प्रथिनात केले, तेव्हा यंत्राचा एक मोठा भाग नीट जुळूनच येईना.

मग सगळ्या पेशी सोडून डोळ्यालाच त्रास का? याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. आरपीई६५ या दुसऱ्या जनुकाच्या दोषावर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुक-उपचार मंजूर झाला. दादांना त्याचा उपयोग नाही.

हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. दादांची मुलगी पंधरा वर्षांची आहे. चाचणी करायची की नाही, ते अठरा पूर्ण झाल्यावर ती ठरवणार आहे. आम्ही विचारत नाही.

आजच्या निधीतून ज्या अंधशाळेला ब्रेल छपाईयंत्र जायचं आहे, तिथे दादा तबला शिकवतात. पावतीपुस्तक दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे.