गोळी हाही नेमच

मायबापहो, ज्यांना फेफऱ्याचा आजार आहे, त्यांच्यासाठी हे दोन शब्द. हा मेंदूतल्या विजेचा बिघाड आहे. पाप नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. एकादशी धरा, पण गोळी चुकवू नका. उपवास अन्नाचा, औषधाचा नाही. गोळी चुकली, झोप मोडली, की झटका येऊ शकतो. म्हणून तुम्ही बिनघोर निजा, जागर आम्ही करू. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या जात्याला देवानं हात लावला. मग तुमचा जागर आम्ही का वाटून घेऊ नये?

आणि वारीत कुणाला फेफरं आलंच, तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर दवाखाना गाठा.

राम कृष्ण हरि!